साठ पानांचं सार

पुणे-मुंबई रस्त्यानं दापोडीचा पूल ओलांडून निगडीपर्यंत गेलं, तर 'मालवणी', 'कोकण', 'सिंधुदुर्ग', 'गोमंतक' अशा शब्दांच्या पाट्या मोजता मोजता दमायला होतं. आत वळून भोसरी, थेरगाव, चिखली बघितली तरी तेच. हा भाग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच. समुद्र शंभर किलोमीटरांपलीकडे आणि मधे बोरघाट. इथल्या मूळ गावांचं खाणं म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठलं, जत्रेतलं मटण आणि पवना-इंद्रायणीत गावेल तो मासा. तरीही या औद्योगिक पट्ट्यात बाहेर मासे खायचे म्हणजे मालवणीच खायचे, हे इतकं पक्कं झालं आहे की त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही.

मला वाटलं, त्याला कारण माझा धंदा. आयटीआय करून मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर म्हणून लागलो आणि पुढची बरीच वर्षं लेथवर काढली. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. कामगारांच्या स्मरणिका, युनियनची पत्रकं, कँटीनची कुपनं, खानावळींची बिलं असला कागद जमवण्याचा नाद मात्र जुना आहे. त्या कागदांत कारखान्याची यंत्रं, मालक, पुढारी, करार सगळं सापडतं. माणसं जेवली कुठं, ते सापडत नाही. ते शोधायला गेलो आणि एका खानावळीच्या दोन वह्यांपाशी पोचलो. त्या वह्यांमधून जे कळलं ते इथं मांडतो. खानावळीचं आणि कुटुंबाचं नाव देत नाही; त्यांची तशी इच्छा आहे, आणि नावाविना काही अडतही नाही.

आधी थोडा जुना हिशेब. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली १९५४ साली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं आणि त्या दशकात टेल्को, बजाज आणि त्यांच्यामागून शेकडो लहानमोठे कारखाने इथं आले. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. चार गावांची नगरी व्हायला इतकीच वर्षं लागली. माणसं आली ती सातारा, सांगली, नगर, सोलापूर, मराठवाडा, खानदेश आणि कोकणातून. त्यांतले कोकणातले बहुसंख्य होते असं मुळीच नाही. मग पाट्या मालवणीच्याच का?

'कोकणातली माणसं आली, त्यांच्याबरोबर जेवण आलं' हे नेहमीचं उत्तर अर्धंच आहे. सातारची माणसं कितीतरी जास्त आली; त्यांच्या नावाच्या पाट्या त्या मानानं तुरळक. उरलेलं अर्धं उत्तर एका कायद्याच्या कलमात आहे आणि उरलेलं मुंबईत.

कलम असं. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं ४६ वं कलम सांगतं की ज्या कारखान्यात साधारणपणे २५० हून अधिक कामगार असतात, तिथं मालकाला कँटीन चालवायला लावण्याचे नियम राज्य सरकार करू शकतं. म्हणजे टेल्को-बजाजसारख्या ठिकाणी दुपारचं जेवण गेटाच्या आत, सवलतीत. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये दहा, वीस, चाळीस माणसं. तिथं कँटीन नाही, चहावाला पोरगा येतो तेवढाच. लग्न न झालेला किंवा बायको गावी ठेवून आलेला माणूस तिघा-चौघांत खोली घेऊन राहतो, स्टोव्हवर भात करतो आणि कंटाळतो. खानावळ जगली ती या माणसावर. मोठ्या कारखान्यातला कामगार तिला रात्रीपुरता मिळायचा. खानावळीचा नकाशा काढायचा तर कारखान्यांच्या नावांनी काढू नये, कामगारांच्या संख्येनं काढावा. जिथं अडीचशेच्या आतले कारखाने दाट, तिथं खानावळी दाट. (२०२० च्या नव्या कामगार संहितेनं हा आकडा १०० वर आणला आहे आणि त्यात कंत्राटी कामगारही धरले आहेत.)

आता मुंबई. गिरणगावात कोकणातल्या चाकरमान्यांच्या गावागावांच्या खोल्या होत्या आणि त्या खोल्यांना जेवू घालणाऱ्या बायका होत्या. कुणी गिरणी कामगाराची बायको, कुणी विधवा. घरच्याच चुलीवर दहा-पंधरा जणांचं रांधायचं आणि पगाराला पैसे घ्यायचे. या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढे त्यांच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी नव्वदच्या दशकात पुण्यात तसंच काम उभं केलं. पण मधे १८ जानेवारी १९८२ आला. गिरण्यांचा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि संप मागे घेण्याचा दिवस कधी आलाच नाही. गिरणीचा भोंगा बंद झाला म्हणजे खानावळीचाही. हातात साठ माणसांचं जेवण करण्याची कला आणि जेवायला माणूस नाही, अशी कुटुंबं मुंबईत तेव्हा होती. त्यांतल्या काहींचे भाऊ, दीर, मेहुणे पिंपरी-चिंचवडला होते.

सातारच्या माणसाकडे जेवण होतं, पण भाड्याच्या खोलीत खानावळ चालवण्याची परंपरा नव्हती. कोकणी माणसाकडे ती शंभर वर्षांची होती. माझ्या मते पाट्यांचं कारण हे आहे. इकडे आलं ते कोकणातलं घरचं जेवण नव्हे. गिरणगावात आधीच एकदा बदललेलं, पगाराच्या तारखेवर चालणारं जेवण इकडे आलं. आणखी एक गोष्ट झाली. १९८० साली 'वस्त्रहरण' व्यावसायिक रंगभूमीवर आलं आणि मालवणी बोली तिकीट काढून ऐकायची गोष्ट झाली. त्याआधी पाटीवर 'कोकणी' किंवा 'गोमंतक' लिहिणाऱ्यांना 'मालवणी' लिहिण्याचा धीर त्या हशानंच दिला, असा माझा अंदाज आहे.

ज्या कुटुंबाच्या वह्या मी पाहिल्या, ते असंच लालबागहून आलेलं. मालवण तालुक्यातलं गाव. भोसरीत दीर होता, त्याच्या आधारानं दोन खोल्या घेतल्या, पुढच्या खोलीत चार बाकडी. काका गल्ल्यावर आणि बाजारात, काकी चुलीपाशी. मी १९८९ पासून लग्न होईपर्यंत तिथं मेंबर होतो. काकी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, नजर अधू झाली आहे, पण बोलायला कडक. खानावळ २०१४ मध्ये बंद झाली. काका गेले होते आणि मुलं नोकरीत स्थिरावली होती.

पहिली वही उधारीची, काकांच्या हातची. लांबोळकी, लाल कापडी पुठ्ठ्याची. डाव्या बाजूला नाव आणि कारखाना, उजवीकडे दांड्या. एक दांडी म्हणजे एक वेळचं जेवण, पाचवी आडवी. १९८९ ची पानं वेगळी दिसतात. त्या वर्षी टेल्कोतला वाद पेटला होता आणि सप्टेंबरमध्ये शनिवारवाड्यावर कामगार उपोषणाला बसले होते. संप म्हणजे कँटीनही नाही. दांड्या एकदम दुपटीनं वाढतात, कारण रात्रीचे मेंबर दुपारचेही झाले, आणि 'जमा'चा रकाना कोरा. यातली बरीच रक्कम पुढे दोन-दोन वर्षांनी हप्त्यानं जमा झालेली आहे. काहींच्या नावापुढे काकांनी नुसतं 'गावी' लिहिलं आहे आणि खाली रेघ मारली आहे.

दुसरी वही म्हणजे खरं तर जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांची चळत, सुतळीनं शिवलेली. ती काकींची. त्यात पाककृती नाहीत. 'बुध. बांगडे ६०. नारळ ५. कांदे २ शेर. तांदूळ मूठ ३.' असं आहे. वार, मासा, माणसं, नारळ. मी त्यांना एकदा विचारलं की चार माणसांचं प्रमाण सांगा. त्या म्हणाल्या, "चार माणसांचा माका खंय म्हायत? चार माणसांक मी रांधलंय कधी? माणसां सांग, वार सांग, मगे सांगतंय."

वार का, ते कळायला मला वेळ लागला नाही, कारण मी त्याच वाराचा कामगार. विजेचा भार विभागला जावा म्हणून औद्योगिक भागांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी असतात. भोसरीची सुट्टी गुरुवारी. जगात इतरत्र सुट्टीच्या दिवशी लोक मासे-मटण खातात. इथं सुट्टी गुरुवारी आणि गुरुवार दत्ताचा, साईबाबांचा, स्वामींचा. अर्धी वर्कशॉपं गुरुवारी यंत्राला हार घालून बंद. तेव्हा मासे खायचे तर बुधवारी रात्री, दुसऱ्या दिवशी उठायचं नाही या हिशेबानं. काकींच्या पानांवर बुधवारचे आकडे सगळ्यात मोठे आहेत आणि गुरुवारी 'वाल, भात' एवढंच. पगार महिन्याच्या सात तारखेला, पण दहा तारखेच्या आतला बुधवार आला की मोठे मासे. कोकणातल्या कुठल्याही घरात बुधवारला असं स्थान नाही. हा वार भोसरीनं त्या जेवणाला दिला.

मासा कसा यायचा तेही सांगायला हवं. पुण्यात गणेश पेठेत घाऊक मासळी बाजार आहे. तिथं आजही मासळीची वर्गवारी खोल समुद्राची, खाडीची आणि नदीची अशी करतात. मुंबईच्या धक्क्यावरून रात्री बर्फात भरलेली मासळी ट्रकनं घाट चढून पहाटे पोचायची. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्याआधी खंडाळ्याला घाट अडला की मासळी तासन् तास उन्हात. काका पहाटे सायकलीनं, नंतर लूनावरून बाजारात जात. घरी आल्यावर काकी कल्ले उघडून बघत. बांगड्याच्या बाबतीत त्यांचा नियम कठोर होता: शंका आली की टाकून द्यायचा, दुसरा मासा एखादवेळ चालेल, बांगडा नाही. त्यांनी याचं कारण 'अंगावर उठता' एवढंच सांगितलं. कारण शास्त्रात नीट आहे. बांगड्याच्या जातीच्या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. बर्फ कमी पडला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. मग चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. हिस्टामिन एकदा झालं की उकळूनही जात नाही. म्हणजे मसाला आणि आंबट घालून शिळा मासा झाकता येतो, पण हे झाकता येत नाही. साठ जणांना एकदम त्रास झाला तर दुसऱ्या दिवशी साठ वर्कशॉपं बोलतील, एवढं त्यांना पुरेसं होतं.

आता सार. कोकणातल्या घरी बांगड्याचं सार साधं असतं. भिजवलेली ब्याडगी मिरची, धणे, हळद, थोडा कच्चा कांदा आणि ओलं खोबरं गंधासारखं वाटायचं. पाणी घालून सारखं करायचं. चिंच किंवा आमसूल, मीठ. बी काढलेली तिरफळं जराशी ठेचून पाण्यात सोडायची. उकळी आली की मासे. मग डाव घालायचा नाही. पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं. फोडणी नाही.

हे चार जणांचं. चार बांगड्यांना अर्धा नारळ धरला तर साठांना साडेसात नारळ आले. काकी पाच घालायच्या. यात काटकसर आहेच. नारळाचा भाव घाटावर कोकणातल्यासारखा नाही आणि मेंबरचा दर महिनाभर एकच. पण नुसती काटकसर नाही. लहान पातेल्यात पाण्याचा पृष्ठभाग त्याच्या मानानं मोठा असतो, उकळताना बरंच पाणी उडतं आणि सार आपोआप दाट होतं. मोठ्या टोपात तसं होत नाही. पाणी उडत नाही, म्हणून मीठ आणि आंबट गुणाकारानं घातलं तर पहिल्यांदा बरोबर लागतं आणि तासाभरानं जास्त होतं, कारण टोप मंद आचेवर चार वाजेपर्यंत बसलेला असतो. नारळाचं सार असं बसलं की फुटतं, तेल वर येतं. त्याला धरून ठेवायला भिजवलेल्या तांदळाची तीन मुठी वाटून घालायची. कॅलेंडरच्या पानावरचा 'तांदूळ मूठ ३' तो हा. खोबरं कमी केलेलं अशा तऱ्हेनं भरूनही निघे.

मासा मोठ्या टोपात घालायचाच नाही. साठ बांगड्यांचा टोप दोन हातांनी हलवणार कोण? शिवाय एवढ्या सारात उष्णता इतकी साठते की आच बंद केल्यावरही मासा शिजत राहतो आणि त्याचा लगदा होतो. म्हणून सार टोपात आणि मासा पसरट लंगडीत, पंधरा-वीसच एका वेळी, पाळी सुटेल तसा. "आदी साराक उकळी येवंदे, मगे मासो" हे वाक्य मी त्या खानावळीत शेकडो वेळा ऐकलं आहे. नवा पोरगा घाई करायचा आणि ओरडा खायचा.

भाताचा प्रश्न निराळा. कोकणात उकडा तांदूळ, दाणा सुटा, सार पिणारा. इथं मावळचा तांदूळ. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं आंबेमोहरावरून काढलेली इंद्रायणी ही जात ऐंशीच्या दशकात आली आणि मेंबर लोकांना तिचा वास आवडायचा. पण ती चिकट. तिच्यावर सार ओतलं की वर तळं होतं, आत जात नाही. काकींनी सार घट्ट केलं त्याला हेही कारण आहे, असं त्या स्वतः सांगतात. उकडा फक्त घरच्यांसाठी शिजे आणि त्याला इथं वेळही जास्त लागे. या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं.

देशावरच्या मेंबरना हे तांबूस, गोडसर, तवंग नसलेलं सार पाहून आजारी माणसाची पेज आठवायची. त्यांना तर्री हवी. तेव्हा कांदा आणि सुकं खोबरं काळपट भाजून केलेलं वाटप, जे कोकणात कोंबडी-मटणाला असतं, ते माशात आलं. कांदा चाकणचा. चाकण आज मोटारींसाठी प्रसिद्ध असलं तरी इकडच्या जुन्या लोकांना चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार. स्वस्त कांदा, स्वस्त सुकं खोबरं, वर लाल तेल. आज या पट्ट्यात जिला 'मालवणी फिश करी' म्हणतात ती ही. मालवणहून आलेला पाहुणा ती खाऊन 'हे आमचं नव्हे' म्हणतो. त्याचं बरोबर आहे, पण तक्रारीला फारसा अर्थ नाही. त्याच्या घरच्या मसाल्यातली ब्याडगी मिरची हावेरीकडची आणि संकेश्वरी बेळगावकडची, म्हणजे घाटावरचीच. मुळात मिरचीच पोर्तुगीजांबरोबर आली. किनाऱ्याच्या जेवणात घाट पहिल्यापासून आहे. इथं त्यानं आणखी एक पाऊल टाकलं.

वह्या लावून बघताना मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते तिरफळाबद्दल. तिरफळ हे रानटी झाडाचं फळ, वाळवून ठेवतात, जिभेला मुंग्या आणतं. ते घालतात बांगडा, तारली अशा तेलकट, उग्र वासाच्या माशांत. पापलेटात घालत नाहीत, सुरमईतही सहसा नाही. काकींचं तिरफळ गावाहून यायचं, गणपतीला गेलेलं कुणीतरी वल्लभनगरच्या एसटीनं परत येताना आणायचं. कॅलेंडरच्या पानांवर नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत दर बुधवारी 'तिरफळ' आहे. पुढे ते विरळ होत जातं आणि २००० नंतर नाहीसंच होतं. का? काकींना विसर पडला नव्हता आणि एसटीही चालू होती.

कारण दरात आहे. मेंबरचा दर महिन्याचा आणि ठरलेला, माशाचा भाव रोजचा. ठरलेल्या दरात बसणारा मासा म्हणजे बांगडा, तारली, मांदेली, मोरी. या माशांना तिरफळ लागतं. नव्वदनंतर मेंबर कमी होत गेले. कामगारांनी लग्नं केली, बिऱ्हाडं थाटली, निगडी-प्राधिकरणात, चिंचवडला घरं घेतली. तेच लोक रविवारी बायकामुलांना घेऊन जेवायला येऊ लागले, पण आता ताटाच्या दरानं. मुलाला काटे नकोत. मग सुरमईची थाळी आली, पापलेट आलं, तव्यावर रवा लावून तळणं आलं. बाकड्यांच्या जागी सनमायकाची टेबलं, 'खानावळ' पुसून 'रेस्टॉरंट'. मासा बदलला तसं तिरफळ गेलं. ते कुणी काढून टाकलं नाही, त्याची जागाच उरली नाही. एखादा पदार्थ 'लोक विसरले' असं आपण सहज म्हणतो. इथं विसरण्याचा प्रश्न नव्हता. महिन्याच्या दराचा माणूस गेला, त्याच्याबरोबर त्याचा मासा गेला आणि माशाबरोबर मसाला.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. यांत्रिक होड्यांना आता १ जून ते ३१ जुलै बंदी असते; पूर्वीही नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला हात लावत नसत. त्या दिवसांत सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा. आषाढातल्या अखेरच्या अमावस्येला कोंबडी-वडे, आणि मग श्रावणात निम्मे मेंबर शाकाहारी. श्रावणातच काका खानावळीला रंग देऊन घेत. सोलकढी मात्र मेंबरच्या ताटात कधी नव्हती. आमसुलाचं आगळ, नारळाचं घट्ट दूध, लसूण, मिरची, एवढ्या नारळात आणखी दहा जणांचं सार होतं. सोलकढी आली ती थाळीबरोबर, स्टीलच्या छोट्या पेल्यात. आज ती मालवणी जेवणाची खूण समजली जाते. माझ्यासारख्या जुन्या मेंबरला तो पेला अजून पाहुण्यांचाच वाटतो.

छापील पुस्तकांत हे सापडेल का, म्हणून मी पाहिलं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० सालचं, पाठारे प्रभूंच्या घरातलं, माशांच्या बाबतीत श्रीमंत. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० चं, घरोघर पोचलेलं. दोन्ही पुस्तकं मोठीच, पण ती घरासाठी आहेत. त्यांत गृहिणी आहे, कुटुंब आहे, सणवार आहेत. पगाराची तारीख नाही, पाळी नाही, उधारी नाही. खानावळीची पाककृती घराच्या पाककृतीला पंधरानं गुणून मिळत नाही, हे वर पाहिलंच.

चाकणला हे पुन्हा घडेल असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. फोक्सवॅगनचा कारखाना तिथं २००९ मध्ये सुरू झाला, मर्सिडीज त्याच सुमाराला पिंपरीहून तिकडे गेली, मग महिंद्र आली. हे कारखाने पहिल्या दिवसापासून मोठे. जेवण आत, कंत्राटदाराकडून. बाहेर महाळुंगे, खराबवाडी, निघोजेच्या खोल्यांमधून राहणारा मुलगा उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातला किंवा विदर्भ-मराठवाड्यातला, कंत्राटावर, सहा-आठ महिन्यांनी बदलणारा. त्याला महिन्याची उधारी कोण देणार? खानावळ चालते ती पुढच्या सात तारखेला माणूस इथंच असेल या भरवशावर. तो भरवसा नाही, म्हणून चाकणला रोख पैशांची थाळी आहे, ढाबे आहेत आणि नाशिक रस्त्यावर मालवणी पाटीची वातानुकूलित हॉटेलंही आहेत. मेंबर नाहीत.

काकींच्या सूनबाई आणि लेक आता एक छोटं पुस्तक करत आहेत, घरातल्यांना आणि जुन्या मेंबरना वाटायला. सुनेनं मेहनतीनं सगळी प्रमाणं चार माणसांवर आणली आहेत. तिचं म्हणणं असं की आज साठ जणांचं कोण करणार, आणि उधारीची वही छापणं म्हणजे लोकांची गरिबी चव्हाट्यावर मांडणं. दुसऱ्या मुद्द्यावर मी तिच्याशी पूर्ण सहमत आहे. नावं झाकून नुसत्या दांड्यांची दोन पानं घ्यावीत, एवढं आमचं ठरलं. पहिल्या मुद्द्यावर आमचा वाद बरेच दिवस चालला. चार माणसांचं बांगड्याचं सार कोकणातल्या कुठल्याही घरात मिळेल. बुधवारच्या साठ पानांचं सार फक्त या बाईच्या हातात आहे आणि तिचं नाव तर पाटीवरही नव्हतं; पाटीवर दिराच्या मुलाचं होतं. शेवटी दोन्ही प्रमाणं शेजारीशेजारी छापायचं ठरलं, डावीकडे चार, उजवीकडे साठ.

उजवीकडच्या रकान्यात एक जागा रिकामी होती. तिरफळ किती, हे काकींच्या पानांवर कुठंच नाही, नुसतं 'तिरफळ'. सून म्हणाली, 'चवीनुसार' लिहू. घरगुती हिशेबानं चार बांगड्यांना सहा-सात, म्हणजे साठांना शंभर तरी व्हायला हवीत. काकी म्हणाल्या, "शंभर घालशीत तर दुपारी कडू विख होतला. सार काय लगेच सपता?" मग कळलं की त्या तिरफळं फडक्याच्या पुरचुंडीत बांधून सोडायच्या आणि तीनचा भोंगा झाला की बाहेर काढायच्या, म्हणजे शेवटच्या मेंबरपर्यंत सार तसंच राहायचं. किती, याला त्यांनी मूठ पुढे केली. सुनेनं गावाहून आलेली तिरफळं परातीत ओतली. काकींनी बघता न बघता मूठ भरली, आम्ही मोजली. तीन वेळा केलं. ४१, ३८, ४३. रकान्यात लिहिलं: 'तिरफळं ४०, बी काढून, पुरचुंडीत. तीन वाजता काढणे.'